तर्री तिखट झाली म्हणे

आमच्या वर्ध्यात बाहेर खायला जायचं म्हणजे काय, ते आधी सांगते. रविवारी सकाळी आंघोळी आटोपल्या की माणसं गाड्या काढतात आणि आपापल्या ठरलेल्या हॉटेलाकडे निघतात. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, पुढे भट्टी, भट्टीवर पोह्यांची कढई आणि तिच्या शेजारी तर्रीचा भला मोठा गंज, म्हणजे पातेलं. ताटलीत पोहे, वर चण्याची लाल तर्री, कांदा, सांबार, लिंबाची फोड. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडचे पाहुणे इथे हमखास फसतात आणि इडलीची वाट पाहत बसतात.

इथपर्यंत सगळं छान आहे. पुढचं छान नाही. खाणं संपलं की आमचे पुरुष हात धुतात न धुतात तोच शेजारच्या पानठेल्यावर जाऊन उभे राहतात. हॉटेल आहे आणि त्याला लागून पानठेला नाही, असं मी या जिल्ह्यात अजून पाहिलेलं नाही. ठेलेवाला प्लॅस्टिकच्या पन्नीच्या तुकड्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना घालतो, पन्नी गुंडाळतो आणि फळीवर खसाखसा घोटतो. हा खर्रा. त्यावर बंदी आहे म्हणतात. मला तरी ती बंदी कुठे दिसलेली नाही. बायका तोवर गाडीपाशी पर्स धरून उभ्या असतात. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात पार्सलची पिशवी. सगळ्यांचं तोंड पानठेल्याकडे. नवरा गाल फुगवून येतो, मानेनेच ‘बस’ म्हणतो, कारण तोंड भरलेलं असतं, आणि पहिल्याच वळणावर दुभाजकावर थुंकतो.

मला याचा राग येतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे कुणाला वाटेल की ही बाई एकाएकीच भडकली. मी एकाएकी भडकलेली नाही. वर्षानुवर्षं पर्स धरून उभी राहिले, मग भडकले.

माझ्या नवऱ्याचं बाजारात कापडाचं दुकान आहे. माणूस सरळ आहे. गिऱ्हाइकाशी खोटं बोलणार नाही, कुणाचं वाईट चिंतणार नाही. दारूच्या थेंबाला कधी शिवले नाहीत. आमचा जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे या गोष्टीचं इकडे फार कौतुक होतं. लग्न ठरलं तेव्हा मध्यस्थांनी माझ्या वडिलांना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की पोरगा एकदम निर्व्यसनी आहे. मग जाता जाता, चपला घालता घालता म्हणाले, ‘खर्रा तेवढा खाते.’ माझे वडीलही ‘तेवढं चालतंच’ म्हणाले. इथे खर्रा व्यसनात धरत नाहीत. चहात धरतात.

पोरगा नोकरीसाठी पुण्याला गेला, पोरीचं लग्न झालं, आणि मग आम्ही दोघंच रविवारी बाहेर खायला लागलो. मला ते फार आवडायचं. मी शाळेत शिकवते, त्यामुळे आठवडाभर शाळा, घर, शाळा. रविवारचा सकाळचा ओटा सुटायचा. शिवाय हे घरी बोलत नाहीत आणि दुकानात फक्त गिऱ्हाइकाशी बोलतात, पण पोह्यांच्या ताटलीसमोर बसले की बोलायचे. आलूबोंडा दोन घासांत संपवायचे, कपाळावरचा घाम रुमालाने टिपायचे, तर्री आणखी मागून घ्यायचे आणि मला एखादी जुनी गोष्ट सांगायचे. लग्नाला इतकी वर्षं होऊन मला न सांगितलेल्या गोष्टी या माणसाकडे शिल्लक आहेत, हे मला त्या बाकांवर कळलं.

मग एका रविवारी त्यांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि थांबले. डोळ्यांत पाणी आलं. चमचा खाली ठेवून त्यांनी हॉटेलवाल्याला हाक मारली.

“भाऊ, आज तर्रीत काय टाकलं? जहर करून ठेवलं पुरं.”

“रोजचीच हाय, शेटजी.”

“रोजची असती तर म्या बोललो असतो काय?”

मी माझ्या ताटलीतली तर्री पुन्हा चाखून पाहिली. रोजचीच होती. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, “तुले काय समजते, तुह्या जिभेले चवच नाई.” पोहे अर्धे टाकून उठले, पानठेल्यावर गेले आणि खर्रा घेऊन आले.

पुढच्या रविवारी आम्ही दुसऱ्या हॉटेलात गेलो. तिथेही तर्री तिखट निघाली. मग तिसऱ्या. मग स्टेशनकडच्या, मग बसस्टँडकडच्या. एकदा केळझरच्या गणपतीला गेलो. दर्शन घेतलं आणि खाली उतरून दुकानात आलूबोंडे घेतले, तर तेही तिखट. देवाच्या दारातसुद्धा लोकांना मिरचीशिवाय सुचत नाही, असं म्हणून त्यांनी त्या गरीब दुकानदाराला सुनावलं. प्रत्येक ठिकाणी त्यांच्याजवळ कारण तयार असायचं. मिरचीत रंग मिसळतात. कारागीर आता बाहेरगावचे आहेत, त्यांना आपली चव माहीत नाही. लोकांनी थंड बाटल्या जास्त घ्याव्या म्हणून मुद्दाम तिखट करतात. दुकानात बसून ते हे सगळं मित्रांना समजावून सांगायचे आणि मित्र माना डोलवायचे, कारण त्यांच्यापैकी दोघातिघांनाही आजकाल तर्री तिखट लागत होती.

आलूबोंड्याचीही तक्रार सुरू झाली. ते तो मोडून बारीक तुकडे करून खायला लागले. हॉटेलवाल्याला म्हणाले, “बोंडे इतके मोठे काऊन करून राह्यला तू? तोंडात जात नाई माणसाच्या.”

तो बिचारा आपल्याच परातीकडे पाहत राहिला. “शेटजी, महागाईनं आमी बोंडा लहान केला. लोकं त्याच्यावरून भांडून राह्यले. अन् तुमी मोठा म्हणता?”

मी तेव्हा हसले होते. खूप हसले. आजूबाजूची माणसंही हसली.

घरी मात्र हसायची सोय नव्हती, कारण तिखट आता माझ्या स्वयंपाकातही सापडायला लागलं. वरण तिखट. वांग्याची भाजी तिखट. मी ठेचा बंद केला. मिरची बदलली, मग अर्धी केली, मग भाजीत नुसता गूळ आणि मीठ घालून पाहिलं. ताटावर बसून ते डोळे पुसायचे. मी दुसऱ्या बाजूला बसून तीच भाजी खायची आणि ती इतकी बेचव असायची की घास गिळवत नसे. मी म्हणायची, “अजी, याच्यात तिखट नाईच.” ते म्हणायचे, “मंग माह्या डोयात पानी काऊन आलं? म्या नाटक करून राह्यलो काय?”

मग अल्लीपूरहून नणंदेचा फोन आला. ही यांची मोठी बहीण. आई गेल्यावर हिनेच यांना वाढवलं, त्यामुळे हिच्या शब्दापुढे आमच्या घरात कुणाचं चालत नाही.

“अवं, त्याले इतकं तिखट काऊन चारते तू? आतडे जळतीन त्याचे. लहानपनापासून त्याचं पोट नाजूक हाय.”

“ताई, मी तिखट टाकतच नाही.”

“मंग तो काय खोटं बोलून राह्यला?”

घरातल्या पुरुषाला तिखट लागलं म्हणजे बाईने तिखट टाकलं. यात तपासायचं काय? नातेवाइकांच्या ग्रुपवर उपाय यायला लागले. गुलकंद द्या, थंड दूध द्या, सब्जा भिजवून द्या. एका लग्नात तर यांच्या मामीने मला बाजूला घेऊन प्रेमाने सांगितलं की नवऱ्यावरचा राग भाजीत काढू नये. मी ताट हातात घेऊन उभी होते. ते ताट मी त्या मामीच्या डोक्यावर आपटलं नाही, याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं.

खरी गोष्ट मला शाळेत कळली. दातांची तपासणी करायला डॉक्टर आले होते. ते मोठ्या वर्गातल्या पोरांना रांगेत उभं करून सांगत होते, तीन बोटं जुळवा, उभी धरा आणि तोंडात घाला. पोरी हसत हसत घालत होत्या. काही पोरांची बोटं दातांवर अडत होती. मिसरूड न फुटलेली पोरं. डॉक्टरांनी मला सांगितलं की हे खर्ऱ्यामुळे होतं. गालाची आतली कातडी कडक होत जाते, तोंड थोडं थोडं मिटत येतं. आणि मग सहज बोलावं तसं म्हणाले, “सुरुवात जळजळीने होते. साधं वरणही तिखट लागतं. यांना घरी विचारा, भाजी तिखट झाली म्हणून आईशी भांडत असतील.”

मी तिथेच खुर्चीवर बसले. माझ्या डोळ्यांसमोरून वर्ध्यातली सगळी हॉटेलं गेली, केळझरचा तो दुकानदार गेला, मामी गेली. सगळ्यात शेवटी आलूबोंडा गेला, ज्याच्यावर मी हसले होते.

घरी येऊन मी त्यांना म्हटलं, तोंड उघडून दाखवा. ते म्हणाले, शाळेतलं शाळेत ठेवत जा. मी समजावून सांगितलं, ओरडून सांगितलं, दोन दिवस बोलले नाही, मग पुन्हा समजावून सांगितलं. पोराला पुण्याहून फोन करायला लावला, तर बापाने त्यालाच नोकरी कशी चालली आहे हे विचारून विषय बदलला. दवाखान्याचं नाव काढलं की दुकानात माल येणार असायचा. मला भीती वाटत होती आणि भीती वाटली की मला राग येतो, दुसरं काही येत नाही. माझा जन्मच तसा आहे. शाळेत शिकवून शिकवून आवाजही वाढला आहे. शेजारणीला वाटायचं आमच्याकडे रोज भांडण होतं. रोजच व्हायचं.

मग कुणीतरी त्यांना सांगितलं की जामच्या चौकात एका हॉटेलची तर्री एकदम सौम्य असते. जाम म्हणजे हायवेचा फाटा. ट्रक, बसगाड्या, सगळी दुनिया तिथे थांबते. लांब जायचं म्हटल्यावर त्यांच्या अंगात उत्साह आला. रविवारी सकाळी मला म्हणाले, “चाल, आज तुले खरी तर्री खाऊ घालतो.” दुकानात माल येणार नव्हता त्या दिवशी. पोह्यांसाठी हा माणूस दुसऱ्या तालुक्यात जायला तयार होता आणि घराजवळच्या दवाखान्यात जायला तयार नव्हता. मी गाडीत बसले.

हॉटेल भरलेलं होतं. आमच्या शेजारच्या बाकावर ट्रक ड्रायव्हर बसले होते, पलीकडे एक म्हातारी सुनेसोबत बसली होती. तिच्या तोंडात दात नव्हते. ती पोहे तर्रीत भिजवून भिजवून, चवीने, डोळे मिटून खात होती. आमच्या ताटल्या आल्या, तर्री वेगळ्या वाटीत. मी एक चमचा खाल्ला. तर्री खरंच सौम्य होती. यांनी एक चमचा खाल्ला, आणि तो चमचा टेबलावर आदळला.

“हे काय माणसाचं खानं होय?”

आवाज इतका मोठा होता की भट्टीवरचा माणूस वळला. मालक आला. आडव्या अंगाचा माणूस, गालात खर्रा. त्याने दुसरा चमचा घेऊन यांच्याच वाटीतली तर्री चाखली.

“काकाजी, याच्यात तिखट हायेच कुठं? ते बुढी माय खाऊन राह्यली, पाहा ना.”

“तुमच्या साऱ्यायच्या जिभा मेल्या हायेत.”

मालकाने माझ्याकडे पाहिलं. “काकू, तुमीच सांगा आता.”

मी त्यांच्यासमोरची तर्रीची वाटी उचलली आणि पाणी प्यावं तशी सगळी पिऊन टाकली. वाटी खाली ठेवली. मग वर्गात बोलते त्या आवाजात म्हटलं, “तीन बोटं जुळवा. तोंड उघडा.”

“अवं, लोकं पाहून राह्यले.”

“पाहू द्या. आतापर्यंत हॉटेलवाल्यांना बोललात ते लोकांसमोरच बोललात. जुळवा बोटं.”

मला वाटलं ते उठून जातील. पण त्यांना मला खोटं पाडायचं होतं. सगळ्यांसमोर, एकदाचं. त्यांनी तीन बोटं जुळवली आणि मोठ्या ऐटीत तोंडाकडे नेली. बोटं दातांवर अडली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग हळूच बोटं आडवी केली.

“आडवी नाही. उभी.”

त्यांनी एक बोट काढून घेतलं. दोनही जाईनात. माणूस जोर लावत होता, मान मागे टाकत होता, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, आणि तोंड एका फटीएवढंच उघडत होतं. मी ते पहिल्यांदाच असं समोरून पाहत होते. त्यांनी बोटं खाली घेतली आणि बोटांकडे पाहिलं, जणू चूक बोटांची होती.

कुणी हसलं नाही. म्हातारीच्या सुनेने पदर तोंडाला लावला. आणि मग मी जे पाहिलं ते मला विसरता येत नाही. एका ड्रायव्हरने मान वळवून, कुणाला दिसणार नाही अशा बेताने आपली तीन बोटं तोंडात घालून पाहिली. मग त्याच्या सोबत्याने. मागच्या बाकावरच्या दोन तरुणांनी. पैसे घेणाऱ्या माणसाने भिंतीकडे तोंड केलं. मालक हात धुवायच्या जागेवरच्या आरशासमोर गेला आणि तिथे बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. भरलेलं हॉटेल, पोहे थंड होत होते, आणि पुरुष आपापली तोंडं मोजत होते. बाहेर पानठेल्यावर फळीवर खर्रा घोटल्याचा आवाज येतच होता.

त्याच आठवड्यात ते दवाखान्यात आले. मी नेलं म्हणून नाही. ते स्वतः म्हणाले, चल. डॉक्टरीण आमच्या पोरीच्या वयाची होती. तिने टॉर्च लावून जेवढं दिसत होतं तेवढं पाहिलं, गालावर आतून बोट फिरवलं आणि आम्हाला साध्या शब्दांत समजावलं. आतली कातडी कडक झाली आहे. गेलेलं सगळं परत येणार नाही, पण खर्रा आजच्या आज सोडला तर इथेच थांबवता येईल. गालात एक पांढरा डाग आहे, त्याचा तुकडा तपासायला पाठवते. “आणि काका,” ती म्हणाली, “भाजीत तिखट नव्हतं बरं का.” ते छताकडे पाहत होते.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले, ते मलाच माहीत. त्यांनी खर्रा बंद केला. चिडचिड करायचे, घरभर फिरायचे, बडीशेप चघळायचे, रिमोट आपटायचे. मी भात शिजवून, कालवून, दुधात मऊ करून द्यायची आणि ते लहान चमच्याने खायचे. मी त्यांच्यावर एकदाही ओरडले नाही. रोज शाळेतून येताना रस्त्यातला प्रत्येक पानठेला दिसायचा आणि मी मनातल्या मनात त्याला आग लावायची.

रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरीण म्हणाली, आज तरी कॅन्सर नाही. पण खर्रा पुन्हा सुरू झाला तर मी काही सांगू शकत नाही, दर थोड्या महिन्यांनी दाखवायला यायचंच. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी रडले. ते माझ्या पाठीवर हात ठेवून उभे होते. मग ते दुकानात गेले आणि मी शाळेत गेले.

शाळा सुटल्यावर मी घरी येऊन शिरा केला, पातळ, भरपूर दुधातला. डबा घेऊन दुकानात गेले. लांबूनच हसण्याचा आवाज येत होता. त्यांचे मित्र जमले होते, चहा आला होता, आणि काउंटरवर, कापडाच्या गठ्ठ्यांच्या मधोमध, एक पन्नी उघडी पडली होती.

एक मित्र म्हणाला, “या वहिनी, या. बला टळली एकदाची. म्हटलं, खुशीचा एक तर झालाच पाह्यजे.”

मी यांच्याकडे पाहिलं. गाल फुगलेला होता. ते गालातल्या गालात म्हणाले, “कॅन्सर नाई म्हने ना. आजच्या दिवसच.”

डॉक्टरणीच्या दोन वाक्यांपैकी एकच यांनी ऐकलं होतं. परीक्षेत पास झाल्यासारखे हे दुकानात बसले होते आणि पास झाल्याचे पेढे म्हणून खर्रा वाटला जात होता. या शहराला काय म्हणावं? माणूस मरता मरता वाचला तर हे लोक त्याला तेच विष आणून देतात आणि त्याला मैत्री म्हणतात.

मी डबा काउंटरवर ठेवला, पन्नीतून मोठी चिमूट उचलली आणि तोंडात टाकली.

चुना जिभेला झोंबला, तंबाखूचा कडू रस घशाकडे गेला, आणि क्षणात डोकं गरगरायला लागलं. मित्र उठून उभे राहिले. एकाचा चहा कापडावर सांडला.

“अवं, का करून राह्यली?” हे ओरडले.

“आपण दोघं मिळून खाऊ आता,” मी म्हटलं. “रविवारी तर्री बंद झाली ना आपली? मग हेच खाऊ. सोबत तर सोबत.”

ते काउंटरला वळसा घालून धावत आले. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं. त्यांनी माझी हनुवटी धरली, माझ्या तोंडात बोटं घातली आणि जिभेवरून, गालातून तो चोथा खरवडून काढायला लागले.

“थुक,” ते म्हणाले. “थुक लवकर.”

“आधी तुमी.”

“अवं, तुले चक्कर येईन. थुक.”

“आधी तुमी.”

ते वाकले आणि थुंकले. पण तोंड उघडत नव्हतं, त्यामुळे ते धड थुंकलं गेलं नाही. लाल ओघळ हनुवटीवरून पांढऱ्या शर्टावर आला. मित्रांनी नजरा वळवल्या. त्यांनी काउंटरवरचा कापडाचा तुकडा घेऊन शर्ट पुसला, तो डाग आणखी पसरला. मग मी थुंकले, आणि मला अशी भोवळ आली की मी तिथेच गादीवर बसले. शिऱ्याचा डबा कुणी उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं. काय झालं? कापडवाल्या शेटजींचं तोंड मिटत चाललं आहे, हे झालं का? नाही. मॅडमनी दुकानात बसून खर्रा खाल्ला, हे झालं. शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहत होते. एका सहशिक्षकाने, ज्याच्या स्वतःच्या खिशात पन्नी असते, मला सांगितलं की मॅडम, पोरांवर काय संस्कार होतील. शेजारीण दारात येऊन विचारून गेली की तब्येत बरी आहे ना, म्हणजे डोकं बरं आहे ना. अख्खं शहर पुरुषांनी थुंकून लाल केलं, ते कुणाला दिसत नाही. एका बाईने एक चिमूट तोंडात टाकली, ती सगळ्यांना दिसली.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. त्यांच्या ताटात मऊ भात आणि वरण, माझ्याही. फोन वाजला. नणंद होती. मी हात खरकटा म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

“अवं, तुले लाज कशी नाई वाटली? एवढ्या मानसायच्या समोर बाईमानसानं खर्रा खाल्ला? आमच्या घरान्यात कोन्या बाईनं असं केलं काय कधी? अगुदर त्याले तिखट चारून चारून त्याचं तोंड खराब केलं, आता त्याची इज्जत घालवून राह्यली.”

मी फोन उचलून त्यांच्या ताटाजवळ ठेवला आणि त्यांच्याकडे पाहत राहिले. ते हातातल्या लहान चमच्याकडे पाहत होते. पलीकडून नणंद ‘हॅलो, हॅलो’ करत होती.

“ताई,” ते म्हणाले.

“बोल रे. तू काऊन बोलला? तिले दे.”

“ताई, माह्यं तोंड उघडत नाई आता. दोन बोटंबी जात नाई. म्या खर्रा खाल्ला, जिंदगीभर खाल्ला, त्याच्यानं झालं हे.”

मग नणंदेने एकदम लहान आवाजात विचारलं, “मंग ते तिखट?”

“तिखट नोतं, ताई,” ते म्हणाले. “हॉटेलात नोतं अन् घरीबी नोतं. तिखट कधीच नोतं.”

वर्षभर मला फक्त हे एक वाक्य ऐकायचं होतं. ते आता सगळ्यात मोठ्या माणसासमोर, माझ्या बाजूने बोललं गेलं होतं. आणि मला वाटत होतं की ते खोटं निघावं. सगळ्या हॉटेलांनी खरंच मिरची ओतलेली असावी, माझाच हात तिखट असावा, आणि आत्ता, या ताटावर, त्यांनी मला त्यासाठी बोलावं.